उपासाला चालतं का?

डेन्मार्कहून आमचा पहिला माल आला तेव्हा मला वाटलं होतं, बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत गल्लोगल्ली जिम आहेत, दुधातल्या प्रोटीनच्या पेयाचे हे तयार पॅक हातोहात जातील. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी नोकऱ्या सोडून हा आयातीचा धंदा काढला होता. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा भाड्याने घेतला, पॅकवर आयातदार म्हणून आमची लेबलं चिकटवली आणि जिमच्या पायऱ्या झिजवायला लागलो. जिममधली पोरं पॅक उलटा करून वाचायची आणि हसायची. "ताई, एवढ्याशा प्रोटीनने काय होणार? हे बाळांना द्या." त्यांना डब्यातली पावडरच हवी होती.

मग एका रविवारी बोरिवलीच्या बागेत योगासनं करणाऱ्या बायकांपुढे आम्ही टेबल मांडलं. त्यांनी चव घेतली, "छान आहे गं" म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "उपासाला चालतं का?" साखर, ॲलर्जी, मुदत, सगळ्याची उत्तरं कंपनीने आम्हाला पाठवली होती, ह्याचं नव्हतं. विचारून सांगते म्हटलं आणि घरी येऊन मेल टाकली. उत्तर आलं, दाटपणासाठी त्यात मक्याचा स्टार्च असतो. मका म्हणजे धान्य. विषय संपला.

भाऊ म्हणाला, "चालतं म्हणून सांग ना. दूधच आहे यार. कोण बघायला येणार आहे?"

"आईला सांगशील तू असं?"

आईनेही मला तेच विचारलं होतं, आणि मी तिला चालत नाही म्हणून सांगून टाकलं होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईच्या पायात ताकद येत नव्हती. प्रोटीन वाढवा, नाहीतर चालणं कमी कमी होत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मासे तिला जिवापाड आवडतात, पण वार पाळून. आणि गुरुवार, संकष्टी, एकादशी वजा जाऊन जे दिवस उरत, त्यांतला सोमवारही तिने नव्याने धरला होता. सोमवारी एक केळं आणि चहा. असल्याच एका सोमवारी ती स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभी राहिलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं.

"अख्ख्या मुंबईला प्रोटीन पाजायला निघालेय मी, आणि माझी आई केळ्यावर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कोणी सांगितलाय तुला हा नवीन सोमवार?"

रागावली की आई मालवणीवर येते. "तुमचो धंदो चलूक व्हयो म्हणान धरलंय. आणि कोणासाठी?"

माल खपत नव्हता म्हणून ती उपाशी राहत होती, आणि उपास होता म्हणून तोच माल तिच्या पोटात जात नव्हता. मला रडू आलं, आणि भयंकर राग आला तो त्या मक्याचा.

दुसऱ्या दिवशी डेन्मार्कच्या कंपनीतल्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. उपास म्हणजे काही न खाणं ना, त्यांनी विचारलं. हो म्हटलं. मग त्या दिवशी लोक हे पितील कशाला? मी साबुदाण्याची खिचडी सांगितली, वऱ्याचे तांदूळ सांगितले, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी. बाई लिहायच्या थांबल्या. "हे सगळं न खाण्याच्या दिवशी?" भाऊ कॅमेऱ्याच्या बाहेर तोंड दाबून हसत होता. पण बाई चिवट. साबुदाणा कशापासून होतो, हे त्यांनी विचारून घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्याच कंदाचा स्टार्च घालून दुसऱ्या एका देशासाठी ते हाच पॅक बनवत होते.

जुना माल आम्ही कॉलेजांच्या कँटीनमध्ये पडेल भावाने काढला आणि नव्याची वाट पाहिली. तो आला तेव्हा लेबलवर उपासाचं नावही घातलं नाही. दूध, साखर, व्हॅनिला आणि साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च, एवढंच बागेतल्या बायकांना सांगितलं. चालतं की नाही ते त्यांनी ठरवावं. त्यांनी ठरवलं. बोरिवलीहून पॅक मुलुंडला कुणाच्या नणंदेकडे गेले, तिथून घाटकोपरच्या भजनी मंडळात. श्रावणात तर गाळ्यात जागाच जागा होती, पॅक नव्हते.

आईने पहिला पॅक सोमवारीच घेतला. "ह्या उपासाक चलता?"

"चालतं."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मागच्या टायमाक नाय म्हटलंस, म्हणान आता खरा मानतंय." मग स्ट्रॉने तळापर्यंत ओढून प्यायली आणि गोड जरा जास्तीच आहे म्हणाली.

हळूहळू ती भिंतीला हात न लावता घरात फिरू लागली, मग जिना उतरू लागली. एका सोमवारी ती एकटीच खाली जाऊन फुलं घेऊन आली, तेव्हा मी म्हटलं, "आई, धंदा चालला आता. हा सोमवार सोड ना."

"चललो, बरोबर," ती फुलं निवडत म्हणाली. "पण आता तो टिकूक नको?"

असला भागीदार कुणाला मिळतो, असं मनात आलं. फ्रिज उघडला आणि पुढच्या सोमवारचे दोन पॅक तिला वाकावं लागणार नाही अशा वरच्या कप्प्यात ठेवले.