परदेशी गेलेल्यांची रोपं

आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेमागे संत्र्याची रोपं सांभाळणारा माळी मला तीन वर्षं रोज दिसायचा. प्रत्येक रोप पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यावर ते ज्याच्या संशोधनाचं, त्याचं नाव. त्यातले चौघे शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी परदेशी गेले, ते तिकडेच राहिले. तरी मे महिन्यात विहीर आटली की हा लांबून बादल्या आणून त्यांच्या रोपांनाही पाणी घालायचा. घालताना नावावरची धूळ अंगठ्यानं पुसायचा.

त्याच शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाली तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले. त्यानं बादली खाली ठेवली.

"साहेब, वापस याचं असन त पानी घालतो. नसन त आताच सांगून द्या, मी उपटून टाकतो. झाडाले काहून वाट पाहाले लावता?"

"वर्षभरात येतो," मी म्हणालो.

त्या चौघांनीही हेच सांगितलं असणार. माझ्या डब्यावरचं नाव पुसट झालं होतं, ते पुन्हा रंगवायला तो ब्रश घेऊन बसला.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. इथे परदेशात पाण्याला तोटा नाही. तरी मे महिन्यात नळ सोडला की मी तो लगेच बंद करतो.