चिमट्याची खूण

म्हातारपणामुळे माझा राग वाढलाय असं घरातल्यांना वाटतं. तो वाढलेला नाही. सोलापूरच्या मिलमध्ये सुताच्या कांड्या भरायला लागले तेव्हाही तो एवढाच होता, फक्त तिथल्या खडखडाटात कुणाला ऐकू जायचा नाही.

खडखडाट असा, की शेजारणीनं कानाशी येऊन बोंब मारली तरी नुसते ओठ हललेले दिसायचे. म्हणून आम्ही बायका हातांनी बोलायचो. पाणी, भाकरी, पोर, भोंगा, सगळ्याला खुणा होत्या. माणसांनाही होत्या. दोन बोटांची कडी डोळ्यावर धरली की आमच्या खात्याचा चष्मेवाला मास्तर. माझ्या एका कानाची पाळी फाटलेली, म्हणून कान ओढला की मी. आणि आमच्यावर देखरेख करायला जी नायकीण होती, तिची खूण म्हणजे आपल्याच दंडाला चिमटा. कारण ती खरोखरच चिमटे काढायची. साच्यावर, म्हणजे यंत्रावर, धागा तुटला, जांभई आली, की मागून येऊन दंडाचं मांस धरून पिळायची. त्या बाईचा मला इतका तिटकारा होता की ती मेल्याचं कळलं त्या दिवशी मी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. खोटं कशाला बोलू?

तिच्या जागी मास्तरनं मला नेमलं. मला चार अक्षरं वाचता यायची आणि बायका माझं ऐकायच्या, एवढंच कारण. पहिल्याच दिवशी मी ठरवलं, हात म्हणून कुणाच्या अंगाला लावायचा नाही. आणि नाही लावला. बायका मान खाली घालून काम करायच्या, ते मला माझ्या चांगुलपणाचं फळ वाटायचं. अंगावर पिणारी पोरं बाहेर लिंबाखाली एका म्हातारीकडे ठेवलेली असायची. त्यांना पाजायला जायचं तर आईनं नायकिणीला विचारायचं, अशी रीत होती. मी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. याचा मला केवढा गर्व!

एक दिवस मास्तरच्या काचेच्या खोलीत उभी होते. तो काहीबाही सांगत होता आणि माझं लक्ष काचेतून खात्याकडे होतं. विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी एक कोवळी बाळंतीण होती आमच्यात. तिनं शेजारणीला पोराची खूण केली आणि दाराकडे मान उडवली. शेजारणीनं मान हलवली, हातानं बस म्हणून सांगितलं आणि आपल्या दंडाला चिमटा काढला.

मला वाटलं, मेलेली नायकीण परत आली की काय! मी सगळं खातं नजरेनं धुंडाळलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला: आता नायकीण मीच होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला तशी मी त्या बाळंतिणीला अंगणात गाठलं. बाकीच्या बायका भाकरीची फडकी सोडत होत्या, त्या तशाच थांबल्या.

"दंड दाव तुझा," मी ओरडले. "कवा चिमटा काडला मी? कुनाला काडला? दाव की!"

तिची चोळी दुधानं भिजली होती. पदर ओढून ओढून ती ते झाकत होती. "नाई अक्का, तुमी मारलं नाई," ती म्हणाली. "सकाळी गोली दिली. पोरगं झोपतंय."

गोळी म्हणजे अफूची. पोरानं रडू नये म्हणून आया द्यायच्या. मागच्याच वर्षी आमच्यातल्या एकीचं पोर त्या झोपेतून उठलंच नव्हतं.

"मग मला इचारायला काय झालं हुतं? तोंड न्हवतं?"

बोलली ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक थोराड बाई. शेंगाची चटणी भाकरीवर पसरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, वरडू नका. चिमटा तुमी काडत न्हाय, खरं हाय. पर ही इचारायला आली की तुमी काय करता? जा म्हनता. मंग हिच्या साच्याकडं हात करता, मंग आमा समद्यांकडं हात करता. म्हंजी ही चालली, हिचं काम आता तुमी वडा. ही माघारी येईस्तवर आमी हिच्यावर दात खातो. आमचं भांडान तुमीच लावता की."

"मी?"

"व्हय. आदीच्या बाईचा वळ चार दिसांत जायचा. तुमचा कुटं बसतोय त्ये दावता बी येत न्हाय."

मी त्या बाईला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन दळायला बसले आणि जात्याला इतका जोर लावला की खुंटा निखळून हातात आला. एकेकीला काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. चोराला सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण काहीही जुळवलं तरी मध्ये ती भिजलेली चोळी यायची. शेवटी खुंटा बाजूला ठेवला आणि कुणी नाही असं बघून मी हात करून पाहिला. आधी साच्याकडे. मग सगळ्यांकडे.

तो हात माझा नव्हता. मास्तर मला बोलावून असाच हात करायचा, आधी माझ्या खात्याकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यानंही मला कधी बोट लावलं नव्हतं. तोही स्वतःला सज्जनच समजत असणार. वरून आलेला चिमटा मी स्वच्छ हातांनी खाली पोचवत होते, आणि वर मला वाटत होतं की बायका मला मानतात! मला मास्तरचा राग आला, त्या बायांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो इतके दिवस आरशात न बघता कुंकू लावत फिरणाऱ्या माझा.

दोन-तीन दिवसांनी मास्तरनं बोलावलं. "उद्यापासून पोरांना पाजायला फक्त जेवणाच्या सुट्टीत जायचं. मध्ये कुणी उठायचं नाही. तू सांग त्यांना, तुझं ऐकतात त्या."

दुपारपर्यंत पोर झोपवायचं म्हणजे गोळी मोठी करायची. हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. त्याच्याही घरी पाळणा होता.

मी बाहेर आले आणि कांड्यांच्या रिकाम्या खोक्यावर चढले. सगळ्या बघायला लागल्या. मी डोळ्यावर बोटांची कडी धरली: मास्तर म्हणतोय. पोराची खूण केली, दाराकडे बोट केलं आणि हात आडवा फिरवला: जायचं नाही. बाळंतिणीचा चेहरा पडला. मग मी माझ्या दंडाला चिमटा काढला.

सगळ्यांचे हात थांबले. ती खूण माझ्यादेखत कुणी केली नव्हती, आणि आता मीच करत होते. मी परत चिमटा काढला, खाली उतरले, बाळंतिणीच्या साच्याशी जाऊन उभी राहिले आणि दाराकडे बोट केलं. नायकीण इथं उभी आहे, तू जा.

ती गेली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. सांगोल्याची बाई एकीच्या साच्याशी जाऊन उभी राहिली, तिला बघून आणखी एक गेली. मास्तर काचेआडून हात हलवत होता. मी त्याच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. तो हुकूम पुन्हा कुणी काढला नाही. नायकीणपण मात्र माझ्याकडून काढून घेतलं आणि मला परत साच्यावर बसवलं.

नवी नायकीण आली. शांत, गोड चेहऱ्याची. आल्याच्या आठवड्यातच बाळंतिणीनं मला खुणेनं विचारलं, पोराला पाजायला जाऊ का? माझी मान नको म्हणून हलली आणि हात आपोआप दंडाकडे गेला. त्या नव्या बाईनं अजून कुणाला काही म्हटलंसुद्धा नव्हतं.

मी हात खाली घेतला. सुट्टीचा भोंगा झाल्यावर तिला लिंबाखाली गाठलं आणि म्हटलं, "बाई, तुला हितं काय म्हनत्यात ठावं हाय का?" आणि तिच्यासमोर दंडाला चिमटा काढून दाखवला.

तिचा गोड चेहरा लालबुंद झाला. "मी? मी कवा कुनाला चिमटा काडला?"

"मी बी हेच इचारलं हुतं," मी म्हटलं. "बस हितं."