पहिला मास्क जाधवचा

मी देवासचा, हवालदार विनायक जाधव सरदारपूरचा. दोघांच्याही घरात मराठी, दाराबाहेर माळवी. एकाच रेजिमेंटमधून, एकाच रँकवर आम्ही शांतिसेनेत परदेशी गेलो. एवढं सगळं सारखं असताना मेजरसाहेबांना मात्र कायम जाधवच दिसायचा. माझ्या पोटात दुखायचं, हे सरळ सांगून टाकतो.

आमची टीम रासायनिक अस्त्रांपासून बचावाची. आमच्या चौकीजवळच्या एका गोदामात मस्टर्ड भरलेले गंजके तोफगोळे सापडले होते. मस्टर्ड हे विष कपटी. लगेच काही कळत नाही. काही तासांनी अंगावर फोड येतात, डोळे जातात, फुप्फुसं आतून सोलून निघतात. त्यावर उतारा नाही. अशी अस्त्रं बनवायची नाहीत, असतील ती नष्ट करायची, असा जगातल्या बहुतेक देशांचा करार आहे. त्याप्रमाणे आंतरराष्ट्रीय निरीक्षक येऊन गोळे मोजणार, सील करणार आणि डोळ्यांदेखत नष्ट करवणार होते. तोवर ते पेट्यांत भरून राखणं आमच्याकडे होतं.

रोजचा क्रम ठरलेला. रबरी सूट, मास्क, पेट्या भरणे, सूट धुणे. यंत्राने हवा साफ दाखवली की साहेब एकाचं नाव घेत. त्याने सर्वांआधी मास्क काढायचा. त्याला काही वावगं जाणवलं नाही तरच बाकीच्यांचे उतरायचे. साहेबांचा भरवसा कोणावर, ते तिथे सगळ्यांसमोर कळायचं. आम्ही घामात शिजत असू आणि हा पठ्ठ्या मोकळ्या हवेत मिशा पुसत उभा!

एकदा मी बोललोच, "साहब, आज मैं?"

"जाधव उतारेगा."

जाधव नंतर हसत म्हणाला, "भिया, इतका कशाला जळतो? उद्या तू काढ. मी बोलतो साहेबांशी."

त्याची ती दया मला जास्तच झोंबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या पेट्या बंद झाल्या. यंत्राने हवा साफ दाखवली. जाधवने खरंच माझं नाव सुचवलं.

साहेब म्हणाले, "नहीं. तुम ही."

त्याने मास्क काढला. आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळाने त्याने नाक ओढलं आणि झटकन हात वर केला.

"साहब, लसुन की बास! कोई मास्क मत उतारना!"

मस्टर्डला लसणासारखा वास येतो. बंद केलेल्या पेटीतला एक गोळा यंत्राने हवा तपासल्यानंतर पाझरू लागला होता. जाधवने मास्क परत चढवला, पण तोवर छातीत जायचं ते गेलं होतं.

मी रेडिओ उचलला. "वन कॅज्युअल्टी. मस्टर्ड. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

हेलिकॉप्टरमध्ये चढताना तो ठणठणीत होता. मला हात करून गेला. संध्याकाळी त्याचे डोळे सुजून बंद झाले, आणि काही दिवसांनी हॉस्पिटलात तो गेला. निरीक्षकांनी गोळ्यांना सील लावलं, पुढे ते सगळे नष्टही झाले. बाकी कोणाच्या अंगावर साधा फोड आला नाही.

दरवर्षी मी सरदारपूरला त्याच्या घरी जातो. यंदा वहिनींनी विचारलं, "भावजी, दर वेळी यांनाच का पुढे करत होते?"

उत्तर मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो असताना ते कधी माझ्या तोंडून निघालं नाही.

"आमच्यात सगळ्यांत भरवशाचा तोच होता, वहिनी."

हे बोलतानाही माझा जीव जळलाच. जाधव असता तर त्याने ते ओळखलं असतं आणि हसला असता.