कपातला चमचा

जर्मनीच्या पूर्व फ्रीझलँडमधल्या आमच्या छोट्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर माहिती द्यायला वाचकांनी दिलेले होकार-नकार वीबके हार्म्स सांभाळते. वाचकाने ‘नको’ म्हटलं, की तो नकार ऐंशी जाहिरात कंपन्यांपर्यंत पोचवायचा, म्हणजे कोणी त्याची माहिती उचलत नाही. सात वर्षांत तिचा हात चुकला नव्हता.

सोमवारी तिला स्वतःचीच चूक सापडली. प्रोग्राममध्ये चाचणीपुरती लिहिलेली ओळ पुसायची राहिली होती: उत्तर दोन सेकंदांत न पोचल्यास होकार धरावा. समुद्राच्या बांधाकडच्या खेड्यांत इंटरनेट मंद. तिथल्या चार हजार लोकांचे नकार उशिरा पोचले, तोवर कंपन्यांनी त्यांच्या माहितीवर हात मारला होता.

"ओळ पूस आणि गप्प बस," संपादक टामेन चहा ओतत म्हणाले. "सरकारला कळवलंस तर पहिली नोकरी तुझी जाईल. आणि आपल्याकडे कपात चमचा ठेवेपर्यंत पाहुण्याला चहा ओततातच की! बोलला नाही, म्हणजे हो."

"त्यांनी चमचा ठेवला होता, साहेब. आपण तरीही ओतला. त्या चार हजारांत माझी आईसुद्धा आहे."

टामेननी पुन्हा किटली उचलली. वीबकेने चमचा कपात ठेवला आणि सरकारला पत्र लिहायला उठली.