उलट्या विमानावरची अक्षरं

अगं पोरी, फोन जरा कानाजवळ धर. लांबून नुसतं 'हो आत्या, हो आत्या' करू नकोस. दोन वर्षं झाली, तुझ्या बापाचं चित्र माझ्या कोपरखैरण्याच्या घरात भिंतीवर आहे, आणि तू पुण्याहून 'पुढच्या महिन्यात येऊन नेते' म्हणतेस. तुझा हा पुढचा महिना कुठल्या कॅलेंडरात येतो ते एकदा दाखव मला. रागावले नाही गं. पण त्या चित्राची गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही, आणि तुझे आतोबा काही सांगायचे नाहीत, तेव्हा मीच सांगते.

तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, हवाई दलात होता हे तुला माहीत आहे. उडवणारा नव्हे, जमिनीवरचा. ती लाल-पांढरी नऊ जेट विमानं आकाशात धूर सोडत कसरती करतात ना, त्यातल्या एकाची देखभाल त्याच्याकडे होती. पायलटचे पट्टे आवळायचे, शिडी काढायची, अंगठा दाखवायचा आणि बाजूला व्हायचं. विमान परत उतरेपर्यंत तो पाण्याचा घोट घ्यायचा नाही. कोणी सांगितलं नव्हतं तसं. त्याचं त्यानेच ठरवलेलं.

निवृत्त होऊन कामोठ्याला आला आणि साखरेने त्याचे डोळे धरले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, एक गेल्यात जमा आहे, दुसरा किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. तू तेव्हा नोकरीला नवीन लागलेलीस, तुला टेन्शन नको म्हणून अर्धंच कळवलं. त्या दिवशी मी त्याच्याकडे भाकऱ्या थापत होते. ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, "ताई, आमचं विमान दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन उलटं व्हायचं. लोक टाळ्या वाजवायचे. मी तेव्हा खाली बघायचो, माझ्या बुटांकडे. सगळ्यांनी बघितलं ते. मीच नाही बघितलं."

आणि मग लहानपणी पेरू मागायचा तशा आवाजात, दाजी काढून देतील का चित्र, असं विचारलं. माझी भाकरी करपली त्या दिवशी.

आता तुझ्या आतोबांचं सांगते. जन्मभर पाट्या रंगवल्या त्यांनी. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यांवर 'धोका', 'धूम्रपान मनाई', मालकांची नावं, आपल्या बुद्धविहाराची निळी पाटी, सगळं ह्यांच्या हातचं. फ्लेक्स आले आणि काम गेलं. हातही थोडा कापायला लागला होता. विमान तर कधीच काढलं नव्हतं. पण मेव्हण्याने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. प्लायवूडचा तुकडा आणला, तीन हात पांढरा रंग मारला, भावाच्या ट्रंकेतले जुने फोटो समोर लावले. मोबाईलवर त्या कसरतींचा व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचे. निळ्यावर पांढरा धूर काढायला माझ्या जुन्या सुती साडीचा बोळा घेतला. मला विचारलंही नाही, साडी फाडल्यावर सांगितलं. खाली एक विमान सरळ, त्याच्या डोक्यावर दुसरं उलटं, दोघांच्या मध्ये वीतभर आकाश. 

चित्र घेऊन गेलो. भावाने ते डोळ्याशी धरलं, अगदी नाकाला लागेल इतकं जवळ, आणि एकेक इंच सरकवत बघितलं. मग म्हणाला, झकास झालंय दाजी. हे खूश, शेवटचा हात मारायचा म्हणून चित्र परत बरोबर घेतलं. पण निघताना मी चपला घालत होते तेव्हा माझ्या कानाशी आला. "ताई, उलट्या विमानावर अक्षरं सरळ आहेत. दाजींना सांगू नकोस."

मी बघितलं, खरंच की. विमान उलटं, आणि त्याच्या अंगावरचं नाव मात्र दुकानाच्या पाटीसारखं सुलट वाचता येईल असं. कोणीही पेंटर असाच चुकला असता बघ. आयुष्यभर अक्षर वाचता यावं म्हणूनच तर हात चालला.

घरी आलो. मग ह्यांना सांगूनच टाकलं. त्याने ते एकदाच बघायचं होतं, तेही खोटं बघून गेला तर? हे भडकले. उलटं अक्षर काढणारा पेंटर उपाशी मरतो, म्हणाले, अपशकुन असतो तो. चार दिवस चित्राचं तोंड भिंतीकडे. माझ्याशी बोलणं फक्त चहापुरतं. तिकडे भावाचा फोन यायचा, आता चेहरे धुरकट दिसतात म्हणायचा, आणि चित्राचं नाव काढायचा नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बाल्कनीत बघते तर चित्र स्टुलावर, आणि तेही उफराटं ठेवलेलं. ह्यांनी जुनी अक्षरं रंगाखाली झाकली होती. डाव्या हातात हात टेकायची काठी, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली, त्यावर उजवं मनगट, आणि बारीक ब्रशने एकेक अक्षर उतरत होतं. काठीसुद्धा थरथरत होती. मी दारातच थांबले. संपल्यावर चित्र फिरवून सुलट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी अक्षर सरळच काढलंय. विमान उलटं आहे, त्याला मी काय करू?"

रंग ओला होता तरी थांबायला तयार नाहीत. रिक्षात चित्र दोघांच्या मांडीवर, बोटांच्या टोकांवर धरून कामोठ्यापर्यंत. खड्डा आला की हे ड्रायव्हरला दादा, बाबा करायचे.

भावाने ते उचललं. ह्या वेळी झकास वगैरे काही म्हणाला नाही. खिडकीपाशी नेलं, बघत राहिला. इतका वेळ की मीच कोचावर बसले. मग चित्र तसंच छातीशी धरून म्हणाला, "ताई, पाणी दे."

मी दिलं. तांब्याभर प्यायला तो.

पुढे दिवाळीपर्यंत दुसरा डोळाही गेला, आणि वर्षाने तो स्वतःच गेला. त्याच्या शर्टावर त्या दिवशी निळा डाग पडला होता, तो शर्ट आहे माझ्याकडे. त्याच्यामागे विहारात पुण्यानुमोदन केलं, त्या दिवशी तू चित्र माझ्या हातात दिलंस, आत्या तूर्त ठेव म्हणालीस.

एक राहिलंय त्यात. कोपऱ्यात ह्यांची सही नाही. पाटी ज्याची त्याच्या भिंतीवर चढली की मगच कोपऱ्यात नाव घालायचं, असा ह्यांचा नेम. त्या दिवशी भावाने चित्र हातातून सोडलंच नाही, पुढेही भिंतीवर न लावता उशाशीच ठेवलं, आणि मग राहूनच गेलं. आता म्हणतात, पोरीचं चित्र आहे, ती न्यायला येऊ दे, तिच्यासमोर घालतो. पण हल्ली चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरतात गं. काठी बाल्कनीत काढून ठेवलीय, ब्रश मी दर रविवारी टर्पेंटाईनमध्ये बुडवून मऊ ठेवते.

तेव्हा ये लवकर. ह्या रविवारीच ये.