समोरून, दात न दाखवता

माझे मामा ओळखपत्रांचे फोटो काढतात. चेहरा समोर, दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, मागे कोरा पडदा. एका गिऱ्हाइकाला एकच क्लिक. दुसरा काढावा लागला तर तो त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. आतल्या खोलीत मामी संगणकावर ते फोटो साफ करतात आणि कात्रीने कापतात. तीस वर्षांत दोघांनी अख्ख्या गावाची तोंडं पाहिली आहेत, आणि गावाबद्दल दोघांचंही मत फारसं चांगलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी मामांना पाण्याखाली समुद्रगाय दिसली. समुद्रगाय म्हणजे तळाचं गवत खाणारा, अंगापिंडाने भरलेला सस्तन प्राणी. अधूनमधून श्वास घ्यायला वर येतो आणि माणसाची चाहूल लागली की नाहीसा होतो. त्या दिवशी मामांकडे कॅमेरा नव्हता. मामींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चष्मा होता का?"

तेव्हापासून या बाबतीत मामींचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. गिऱ्हाईक आलं की त्या सांगायच्या, "बसा, येतीलच. गाय शोधायला गेलेत." मामा हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं, हे मला माहीत होतं. फोटो त्यांना जगासाठी नको होता. मामींच्या टेबलावर ठेवायला हवा होता.

एकट्याने बुडी मारायची नसते आणि दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून भाची या नात्याने मी जोडीदार. माझं काम दिवा धरण्याचं. दोनशे चौदा बुड्यांत मी बरंच गवत उजळून दाखवलं. यंदा मात्र कानाच्या डॉक्टरांनी मामांना सांगून टाकलं, पडदा पुन्हा फाटला तर ऐकू येणं बंद. हा मोसम शेवटचा.

मोसमाच्या शेवटच्या सकाळी ती दिसली. आठ-दहा हातांवर, आमच्याकडे कूस करून निवांत चरत होती. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी दिवा धरला. मामांनी बटण दाबलं नाही.

मला वाटलं कॅमेरा बिघडला. बिघडले होते मामा. गाय बाजूने दिसत होती, आणि बाजूचा चेहरा कुठल्याच कार्यालयात चालत नाही. ती वळण्याची ते वाट बघत होते. ती श्वास घ्यायला वर गेली, खाली आली, पुन्हा बाजूनेच. माझ्या पाठीवरच्या टाकीतल्या हवेचा काटा लाल पट्ट्यात शिरला. तो मी त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी मान डोलावली आणि एक हात वर केला, स्टुडिओत "इकडे बघा" म्हणताना करतात तसा. मला इतका राग आला होता की पाण्यात बोलता आलं असतं तर आमचं नातं तिथेच संपलं असतं.

तिने बघितलं. चेहरा समोर, तोंड मिटलेलं. बाहेर दिसणारे कान तिला नसतातच. तेवढी सूट मामांनी दिली. एक क्लिक, आणि ती गेली.

फोटो निर्दोष आला, तेच नडलं. चरताना उडालेल्या गाळाने मागचा समुद्र झाकून टाकला होता, आणि मागे नुसता करडा पडदा दिसत होता. मामींना दाखवण्याआधी जाणकाराचा शेरा असावा म्हणून मामा तो सागरी संग्रहालयात घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी फोटो पाहिला आणि मामांचा धंदा विचारला. "काम सुबक आहे," ते म्हणाले. "बाहुलं कुठून आणलंत?"

तिसऱ्या दिवशी मामांनी तो फोटो मामींच्या संगणकावर उघडला. "बघ. नाही पटलं तर पुसून टाक."

मामींनी सवयीप्रमाणे डोळ्यांपासून सुरुवात केली. आमच्या स्टुडिओत बसलेल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यात दोन दिव्यांचे दोन पांढरे चौकोन उमटतात. तीस वर्षं त्या ते बघत आल्या आहेत. त्यांनी गायीचा डोळा मोठा केला. आणखी मोठा केला.

चौकोन नव्हते. एक गोल ठिपका होता, तो माझा दिवा. त्याच्या शेजारी नखाएवढी काळी आकृती, एक हात वर केलेली.

"अहो," मामी म्हणाल्या, "हे तुम्ही आहात."

मग त्या खुर्चीतच मागे वळल्या. "नऊ वर्षं मी तुम्हाला हसले. चुकलं माझं."

मामा खुर्चीमागे उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"हनुवटी जरा वर हवी होती," ते म्हणाले.