सहाव्या जहाजाची डावी बाजू

भिंतीवर पाच सोनेरी जहाजं लागली होती आणि सहाव्याच्या जागी नुसते दोन स्क्रू होते. सहावं जहाज तयार नव्हतं असं नाही. ते शेजारच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर पडून होतं, आणि त्याच्यावरून आमच्या ॲश्टाबुला गावातल्या सात-आठ शहाण्या माणसांत सगळा हिवाळा धुसफूस चालली होती.

जहाजं अंतराळातली, शोभेची, हातभर लांब. 'लँटर्न स्टेशन' ही मालिका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच एका छोट्या टीव्ही केंद्रानं काढली. ईरी सरोवराच्या काठची चार गावं सोडली तर ती कोणी पाहिली नाही. केंद्रानं पुढे त्याच फितींवर हवामानाच्या बातम्या चढवल्या, त्यामुळे निम्मेच भाग उरले. त्या मालिकेतली सेनापतीची खोली गालिच्यांच्या बंद पडलेल्या दुकानात पुन्हा उभी केली जाते आहे. खुर्ची, टेबल, मागची भिंत आणि भिंतीवर ताफ्यातल्या सहा जहाजांच्या प्रतिकृती.

हे सगळं चालवतो डेल ओस्गुड. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं, सुतारकाम तो हौसेनं शिकला. सुरुवातीला कोणीतरी खोलीत आवडलं म्हणून एक घड्याळ लावलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं कुंडी आणली. डेलनं दोन्ही वस्तू रस्त्यावर ठेवल्या आणि नियम केला, की पडद्यावर दिसलं नाही ते इथे लागणार नाही. दुसरा नियम खुर्चीचा. सेनापतीच्या खुर्चीत कोणी बसायचं नाही.

जहाजांचं काम रीटा कुबिचकडे होतं. नळ आणि तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात ती संगणकावर नळांची चित्रं काढायची. कारखाना बंद झाला, पण नजर आणि सवय राहिली. ती मालिकेतलं एकेक चित्र थांबवून, धूसर सोनेरी डागाला माप देत बसायची. मापासाठी तिनं सेनापतीचा कॉफीचा मग धरला. तसाच मग तिच्या आईच्या कपाटात होता. तो मग केवढा ते कळलं की खुर्ची केवढी ते कळतं, आणि खुर्चीवरून भिंतीवरची जहाजं. नंतर संगणकाच्या पडद्यावर जहाजाचा आकार उभा करायचा, सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा, आणि मनासारखा झाला की छपाईच्या यंत्राकडे पाठवायचा. यंत्र प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक चढवतं. उरलेलं काम सँडपेपरचं, आणि सोनेरी फवाऱ्याचं. फवारा बर्निस मारायची. ती रीटाची नणंद.

पाच जहाजं विनातक्रार भिंतीवर चढली. सहाव्याचा उजवा भाग सगळ्या भागांत दिसतो, निमुळता, माशासारखा. डावा भाग कायम खुर्चीच्या उंच पाठीमागे. तिथे रीटानं एक चौकोनी ठोकळा केला होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार गोल झरोके आणि बाजूला वर वळलेला एक आखूड दांडा.

"रीटा, उजवीकडून बघितलं तर हे जहाज आहे," डेल म्हणाला, "आणि डावीकडून बघितलं तर टोस्टर."

"इंजिन आहे ते. तसंच होतं."

"कुठे दिसतं?"

"सेनापतीला गालगुंड झालं होतं तो भाग. खुर्ची रिकामी, बाजूला सरकवलेली. मागची भिंत पूर्ण दिसत होती."

"म्हणजे जो भाग आता जगात कोणाकडे नाही, तो."

"फिती मी पुसल्या का?"

"अगं, तू नऊ वर्षांची होतीस," बर्निस म्हणाली. "नवव्या वर्षी मला वाटायचं, आमच्या फ्रिजमध्ये माणूस राहतो. तो दिवा लावतो."

"मला फ्रिजबद्दल काही म्हणायचं नाही. मी जहाज पाहिलंय."

मालिका टीव्हीवर लागत असताना पाहिलेली त्या मंडळीत ती एकटीच. बाकीचे एकतर तेव्हा फार लहान होते, नाहीतर नंतर गावात आलेले. म्हणून आजवर तिचा शब्द चालला होता. पहिल्या पाच जहाजांतही जिथे चित्र फारच धूसर होतं, तिथे रीटा म्हणाली तसं सगळ्यांनी मान्य केलं होतं. डेलनं ते स्पष्टच बोलून दाखवलं.

"हे मनाचं निघालं ना, तर त्या पाचांकडेही मला नव्यानं बघावं लागेल. उतरवून."

रीटानं मान डोलावली. तिनंही तेच केलं असतं.

तिची खरी अडचण वेगळी होती आणि ती तिनं फक्त बर्निसला सांगितली. तो ठोकळा पडद्यावर इतक्यांदा फिरवून झाला होता की आता डोळे मिटले तर लहानपणचं चित्र दिसत नव्हतं, तिचं स्वतःचं दिसत होतं. पाहिलं म्हणून बनवलं, की बनवलं म्हणून पाहिल्यासारखं वाटतं आहे, हे तिला ठरवता येईना. सोपी वाट समोर होती. उजव्या बाजूचं प्रतिबिंब डावीकडे टाकायला एकच आज्ञा लागते. तिनं ती देऊन बघितली. जहाज देखणं झालं. दोन्हीकडून मासा.

मार्चमध्ये चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मासळीचं जेवण असतं. तिथे रांगेत बर्निसला एक बाई भेटली. तिचे वडील पूर्वी टीव्ही केंद्रात रंगकाम करायचे, असं बोलता बोलता निघालं. मर्ल डिट्झ. शेजारच्या कॉनिऑटमध्ये मुलीकडे राहतात, कानाला जरा कमी, बाकी ठीक. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले.

त्या आठवड्यात रीटानं दुसरं जहाज छापून घेतलं, दोन्हीकडून मासा असलेलं. बर्निसनं काही न विचारता त्यावर सोनेरी फवारा मारला. रीटानं ते बेकरीच्या, गोड ‘पाय’ ठेवायच्या लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून गाडीत ठेवलं आणि शनिवारी खोकं काखेत मारून आत आणलं. ठोकळा खोटा ठरला तर निदान भिंत रिकामी राहायला नको.

मर्ल डिट्झ वॉकर पुढे सरकवत आले, मागून त्यांची मुलगी. अंगातला कोट काढायला तयार नव्हते. दुकान गारच होतं. त्यांनी खोलीकडे न बघता थेट जहाजांकडे पाहिलं.

"हे पुढचं नाक. शाम्पूची बाटली होती ती. बायको शोधत बसली होती."

"बरोबर आलंय का?" डेलनं विचारलं.

"जास्त बरोबर आलंय. माझं इतकं गुळगुळीत नव्हतं. घाईत असायचो आम्ही." मग त्यांनी रिकाम्या जागेकडे बोट केलं. "इथलं कुठंय?"

डेलनं टेबलावरून सहावं जहाज उचललं. मर्लनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. ठोकळ्यावरून अंगठा फिरवला.

"ही बाजू मी केलेली नाही," ते म्हणाले.

डेलनं रीटाकडे बघायचं टाळलं. बर्निस मात्र बघत राहिली. रीटानं पायचं खोकं टेबलावर ठेवलं आणि त्याची दोरी सोडायला घेतली.

"थांबा," मर्ल म्हणाले. "असं हातात नको. भिंतीला लावून धर. तिथे. अजून वर. हां."

डेल दोन्ही हातांनी जहाज भिंतीला धरून उभा राहिला. मर्ल बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला. बर्निसनं पाणी दिलं ते त्यांनी परत केलं.

"अरे, मी केलेली नाही म्हणजे... मेन स्विच आहे तो! स्टुडिओचा मेन स्विच!"

"काय आहे?"

"भिंतीवर मेन स्विच होता. निर्माता म्हणाला, दिसतोय, झाका. झाकला तर दिवे कोण बंद करणार? मग मी अर्धंच जहाज केलं, स्विचला चिकटवलं, आणि दोन्हींवर सोनेरी रंग मारला. खुर्चीमागे जाणार होतं, कोणाला दिसतंय! हे चार झरोके कसले केलेत? झाकणाचे स्क्रू आहेत ते."

डेलचे हात भरून आले होते तरी त्यानं जहाज खाली घेतलं नाही.

"आणि हा दांडा?"

"दांड्यानंच तर चालायचं सगळं." मर्ल रीटाकडे वळले. "बाई, तुम्ही केलंत ना हे? दांडा वर का केलात?"

"वरच होता," रीटा म्हणाली.

"वरच असणार. खाली ओढला की सगळा स्टुडिओ काळोखात. चित्रीकरण चालू असताना तो वरच. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मी पाहिलं होतं."

रीटा बसायला जागा शोधू लागली. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून ती सेनापतीच्या खुर्चीत बसली. डेलनं ते पाहिलं. गेल्या वर्षी याच खुर्चीत बसला म्हणून त्यानं स्वतःच्या मेव्हण्याला दुकानाबाहेर काढलं होतं. आता तो फक्त म्हणाला, "बर्निस, स्क्रूड्रायव्हर दे."

"म्हणजे हिनं सगळा हिवाळा मेन स्विचचं इंजिन बनवलं," बर्निस म्हणाली.

"आणि आपण त्या स्विचवरून भांडलो," डेल म्हणाला. दोन्ही स्क्रू पिळून झाल्यावर तो मागे सरकला आणि एक डोळा मिटून जहाजाकडे बघू लागला. "टोस्टर म्हणालो होतो मी. फार चुकलो नव्हतो."

"तू सगळ्यांत जवळ होतास," रीटा म्हणाली. खूप दिवसांनी ती मोठ्यानं हसली.

मग डेलला नवीनच शंका आली. जहाजाची डावी बाजू जर मेन स्विच होती, तर ती प्लास्टिकची का? त्या काळचा खरा लोखंडी स्विच मिळवून त्यावर सोनेरी रंग मारायला हवा. नियम म्हणजे नियम. रीटा म्हणाली, शोध तू, माप मी देते. तिचं माप आता कोणी तपासणार नव्हतं.

मर्लचं लक्ष टेबलावरच्या खोक्याकडे गेलं होतं. दोरी अर्धवट सुटलेली होती.

"सफरचंदाचा पाय आहे का?"

रीटानं झाकण उघडून दाखवलं. दोन्हीकडून मासा असलेलं जहाज मर्लनी थोडा वेळ पाहिलं.

"छान आहे. असंच करायचं होतं मला, जागा नव्हती," ते म्हणाले. "म्हणजे पाय नाही?"

"नाही."

"मग इथे बसून काय करायचंय?"

कोपऱ्यावरच्या हॉटेलात पाय चांगला मिळतो. डेलनं मर्लचा वॉकर दारातून काढला, बर्निसनं दिवे मालवले. रीटा सगळ्यांच्या मागून निघाली. खोकं तिनं मर्लना घरी न्यायला म्हणून त्यांच्या मुलीच्या हातात दिलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर सपाट ठेवायला सांगितलं.